पिल्लावर वाकू नये

कुत्र्याचं पिल्लू माणूस दिसताच शू करतं तेव्हा आधी त्याचे कान पाहायचे, मग शेपटी. फरशीकडे सगळ्यात शेवटी. कान मागे चिकटलेले, शेपटी पायांत, अंग जमिनीसरसं, नजर भलतीकडे आणि मग उताणं पडून पोट वर: ही शू भीतीची. चारही पाय थुईथुई, कमरेमागचं सगळं अंग शेपटीबरोबर हलतंय आणि उड्यांबरोबर थेंब चौफेर: ही आनंदाची. आमच्या भिंगरीचं दोन्ही व्हायचं, आणि तेही एकापाठोपाठ. घरातलाच माणूस हेल्मेट घालून अंगणात आला की आधी भीतीची, त्याचा आवाज ओळखला की लगेच आनंदाची.

दोन्हींत एक गोष्ट सारखी. पिल्लाने ती ठरवून केलेली नसते. म्हणून तिला शिक्षा लागू पडत नाही आणि शू कुठे करायची ही शिकवणीही पुरत नाही. रात्रभर कोरडी राहणारी, दार खरवडून वाडीत जायला मागणारी शहाणी पिल्लंसुद्धा पाहुणा दिसला की पडवी ओली करतात.

*

श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या बोर्ली पंचतनची पेठ ही आसपासच्या सगळ्या गावांची पेठ. दिवेआगर, वेळास, आदगाव, दिघी, सगळीकडची माणसं किराण्याला, मासळीला, औषधाला इथे येतात. एसटी, मिनिडोर, पर्यटकांच्या गाड्या आणि त्यांच्या चाकांमधून वाट काढणारी कुत्री. पावसाच्या सुरुवातीला इथे एका बंद हातगाडीखाली, निळ्या प्लास्टिकच्या आडोशाला एक कुत्री व्याली. त्या वेतातली दोन पिल्लं जगली. भिंगरी आमच्याकडे आली. तिचा भाऊ गुंड्या पुढे गणपतीनंतर पुतणीबरोबर डोंबिवलीला गेला.

कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. त्यांनी पाच वर्षांत ९५ वेतांमधली ३६४ पिल्लं नजरेखाली ठेवली. वयात येईपर्यंत, म्हणजे साधारण सात महिने, जगली ती शंभरात एकोणीस. मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पिल्लांच्या मरणात माणसाचा या ना त्या रीतीने हात होता. हे वाचल्यापासून भिंगरीच्या घाबरटपणाबद्दल माझी काही तक्रार उरली नाही. वरून खाली येणाऱ्या हातात भाकरीचा तुकडा आहे की दगड, हे तिने इतक्या लवकर ठरवून टाकावं अशी अपेक्षा करणारी मी कोण?

*

डोळे उघडायच्या आधीच्या पिल्लांना स्वतःहून शू होत नाही. आई त्यांना उलथं करते, पोटाखाली चाटते, तेव्हा होते. आणि जागा कोरडी राहावी, वास पसरू नये म्हणून आईच ती चाटून टाकते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लू हे आपलं आपण करू लागतं. पण अंगाची आठवण राहते.

रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाने आधी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहण्यात वर्षं घालवली होती. १९६७ मध्ये त्याने लांडगे आणि कुत्री एकमेकांपुढे नमतात कशी, यावर एक लेख लिहिला. उताणं पडून पोट दाखवणं हे त्या जुन्या, आईपुढे पडून राहण्यातूनच आलेलं आहे, असं त्याने मांडलं. शूसुद्धा त्यातलीच. मोठ्या कुत्र्यापुढे पडून पिल्लू सांगतं की मी अजून आईच्या पोटाखालचं आहे, माझ्यापासून तुला काही धोका नाही. मोठं कुत्रं हुंगतं आणि पुढे चालू लागतं. त्यांच्यात एवढ्यावर विषय मिटतो.

माणूस मात्र नेमका याच क्षणी ओरडतो. पिल्लाच्या बाजूने पाहिलं तर त्याने हात जोडले आणि समोरचा अधिकच चिडला. याहून मोठ्याने सांगायची सोय त्याच्याकडे नाही. मग ते आणखी खाली बसतं, आणखी शू करतं. घरातल्यांना वाटतं, एवढं बोललो तरी पुन्हा केलंच, म्हणजे मुद्दाम करतंय. या चक्रात सापडलेली पिल्लं मी पाहिली आहेत. त्यांतली काही पुन्हा पेठेत सोडलेलीही पाहिली आहेत.

*

गावात भेटेल तो सल्ला देतो: नाक घास तिचं त्यात. वर्तमानपत्राची गुंडाळी कर. एक रट्टा दे, पुन्हा नाही करणार. सांगणाऱ्यांपैकी कोणी दुष्ट नाही. त्यांच्या लहानपणी घरोघरी असंच करत. पण नाक घासल्यावर पिल्लाला शू आणि शिक्षा यांचा संबंध कळतच नाही. कळतं एवढंच की हा माणूस आला की मान धरली जाते. दुसऱ्या दिवशी तो माणूस फाटक उघडतो आणि पिल्लाची तिथेच शू होते. मग सल्ला देणारा म्हणतो, बघ, तिला कळतंय आपण काय केलं ते.

आमच्या घरात मी एकच अट घातली. ओल दिसली तरी तोंडातून शब्द काढायचा नाही, "अगंऽ" सुद्धा नाही. पिल्लू दुसरीकडे गेलं की पुसायचं. हे जमायला पिल्लापेक्षा माणसांना जास्त दिवस लागले.

*

वागण्याचा विचार करण्याआधी आजार नाही ना, एवढं पाहून घ्यावं. झोपेत ओघळ येतो का? थोडी थोडी, सारखी सारखी, जोर करून होते का? लाल किंवा फार घाण वासाची आहे का? पाणी अचानक जास्त पितं का? यांतलं काहीही असलं तर तो स्वभाव नव्हे. मादी पिल्लांत मूत्रमार्गाचा संसर्ग सहज होतो. काहींत मूत्रपिंडाकडून येणारी नळी जन्मतःच मूत्राशयाऐवजी पुढे भलत्या जागी उघडते. ती पिल्लं दिवसरात्र ठिबकत राहतात आणि त्यांना शस्त्रक्रिया लागते. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की या जातींत हे जास्त सापडतं.

सकाळची पहिली शू स्वच्छ उथळ ताटलीत धरायची, झाकणाच्या बाटलीत ओतायची आणि लगेच दवाखान्यात पोचवायची. आपल्याकडच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई, म्हशी, शेळ्याच जास्त येतात, पण लघवीची साधी तपासणी कुठेही एकाच तत्त्वावर होते. डॉक्टरांना "घरात मुतते" एवढंच सांगू नये. कधी, कोणासमोर, कशा स्थितीत, हे सांगावं. निम्मं निदान त्यातच असतं.

पाणी मात्र तोडू नये. किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात तहानलेलं पिल्लू पाहवत नाही, आणि पाणी कमी केल्याने भीती कमी होत नाही.

*

सासूबाईंनी आयुष्यभर गोठा सांभाळला. नवीन पाडी आणली की तिच्याकडे समोरून चालत जायचं नाही, हा त्यांचा नेम. कुशीच्या बाजूने जायचं, दोन हात अंतरावर थांबायचं, दुसरंच काहीतरी काम करत राहायचं, वैरण सारखी कर, दावं बघ. पाडी स्वतः मान लांबवून हुंगेल तेव्हा हात गळ्याखालून न्यायचा. कपाळावर नाही. "जनावराला आधी आपला वास द्यावा, मग हात," असं त्या म्हणतात.

भिंगरीला त्या पहिल्या दिवसापासून अशाच भेटल्या. पडवीच्या पायरीवर बाजूला तोंड करून बसल्या आणि सुपारी कातरत राहिल्या. त्यांच्यासमोर भिंगरीची शू झाल्याचं मला आठवत नाही. कुत्र्यांबद्दलच्या पुस्तकांत हेच सगळं लिहिलेलं असतं: समोरून जाऊ नका, नजरेला नजर देऊ नका, वरून हात टाकू नका, हनुवटीखाली किंवा छातीवर खाजवा. गोठा असलेल्या प्रत्येक घरात हे ज्ञान आहे. फक्त कुत्र्याच्या पिल्लापुढे ते कोणाला आठवत नाही, कारण पिल्लू लहान आणि गोड असतं, आणि गोड वस्तूवर माणूस वाकतोच.

*

आमच्या आळीतले एक चाचा नमाजी आहेत. कपड्याला लाळ लागू नये म्हणून ते कुत्र्यापासून हातभर दूर राहतात. रोज मशिदीकडे जाताना आमच्या फाटकावरून जातात, सासूबाईंना "काय वहिनी, बरं ना?" विचारतात, भिंगरीकडे न पाहता, चाल न बदलता. घराबाहेरच्या माणसांत भिंगरी सगळ्यात आधी त्यांच्यासमोर कोरडी राहू लागली. पुढे तर ती फाटकाशी येऊन त्यांची वाट पाहत बसे. त्यांनी तिला आजवर हात लावलेला नाही. कोणीतरी आपल्यापासून काही न मागता रोज त्याच वेळी, त्याच संथ चालीने जातं, याने पिल्लाला केवढा आधार मिळतो हे मला त्यांच्यामुळे कळलं. चाचांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, तिला आमचा सलाम सांगा.

*

भीतीच्या शूचा सगळा इलाज माणसाच्या अंगात आहे. पिल्लाच्या जागी बसून पाहिलं, अगदी खरोखर पडवीत आडवं होऊन पाहिलं, म्हणजे कळतं. उभा माणूस केवढा उंच. तो वाकला की उजेड जातो. त्याचे दात दिसतात, कारण तो हसत असतो. दोन्ही हात एकदम खाली येतात. वरून आवाज: "अले अले अलेऽ कोण आहे हेऽ!" पावसाळ्यात त्यात काळा रेनकोट, फटकन मिटलेली छत्री, गमबुटांचा आवाज.

म्हणून फाटकातून आल्यावर पिल्लाकडे वळायचंच नाही. पिशवी ठेवा, पाय धुवा, पाणी प्या. पिल्लू हुंगत येईल. येऊ द्या. मग बाजूला वळून उकिडवं बसा किंवा पायरीवर टेका. हाताचा तळवा वर, मांडीजवळ, खाली. त्याने हनुवटी जवळ आणली तर छातीवर दोन बोटं फिरवा आणि थांबवा. थांबवणं महत्त्वाचं आहे. हात काढल्यावर ते पुन्हा जवळ आलं तर त्याला हवं आहे. नाही आलं तर आजचं एवढं पुरे. पट्टा बांधतानाही हेच. डोक्यावरून गळ्यात अडकवायचा नाही, बाजूला बसून मानेखालून न्यायचा.

आवाजाचं पुरुषांना जास्त सांगावं लागतं. ओटीवरून अंगणापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलायची कोकणातली सवय आहे, आणि त्यात राग नसतो, पण पिल्लाला अजून ते माहीत नसतं. माझे दीर शिमग्याच्या पालखीत गर्जतात तसेच घरातही बोलतात. भिंगरीसाठी ते कुजबुजायला शिकले. चार मुलांच्या बापाला पिल्लापुढे बसून कुजबुजताना पाहणं हा आमच्या घरातला मोठा आनंद आहे.

*

आयसरच्याच गटाचा आणखी एक प्रयोग. अनोळखी माणूस रस्त्यावरच्या कुत्र्यांना पुन्हा पुन्हा भेटायचा. काहींना खाणं द्यायचा, काहींना माया करायचा, नुसता हात फिरवायचा. विश्वास बसला तो हात फिरवणाऱ्यावर जास्त. २०१७ मध्ये हे छापून आलं. रस्त्यावरच्या उपाशी जिवाला स्पर्श खाण्याहून मोलाचा वाटावा, हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले होते. भिंगरी ज्याला घाबरत होती तोच हात तिला हवाही होता. शू होण्याच्या क्षणी या दोन्ही गोष्टी तिच्यात एकदम चालू असत.

*

आनंदाची शू हाताळायला त्या मानाने सोपी. मूत्राशय भरलेलं असताना आनंद होऊ द्यायचा नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आधी वाडीत, पोफळींच्या ओळीत. कोणी येणार असल्याचं माहीत असेल तर त्याआधी वाडीत. येणाऱ्याने आत न येता थेट वाडीकडे वळावं, भेट तिथेच व्हावी. तिथे झाली तर झाली. आणि भेट साधी ठेवायची. बाहेरून आलेला माणूस जेवढा उत्साहात येईल तेवढं पिल्लू उडणार. जाताना निरोपाचा सोहळा नको, येताना आगमनाचा नको.

उड्या थांबून चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी हळू आवाजात "शाबास" आणि जमिनीवर खाऊ. हातातून नाही, जमिनीवर. नाक खाली गेलं की उड्या आपोआप थांबतात, डोकं कामाला लागतं. भित्र्या पिल्लालाही जमिनीवरचा खाऊ बरा, कारण माणसाच्या हाताजवळ यावं लागत नाही. पाहुण्याच्या हातात चिमूटभर तुकडे द्यायचे आणि त्याने पिल्लाकडे न पाहता ते बाजूला टाकत जायचे. माणूस आला की जमिनीवर काहीतरी चांगलं उगवतं, एवढं पिल्लाच्या मनात बसलं की पाहुण्याच्या चपलांचा आवाज बदलल्यासारखा त्याला ऐकू येतो.

खाऊ म्हणजे तांदळाच्या भाकरीचे तुकडे, उकडलेली कोंबडी, काटे काढलेली उकडलेली मासळी. खारवलेलं सुकं नको. ते कुत्र्यांना अतोनात आवडतं, पण मिठाने तहान वाढते आणि तहानेने शू.

धीर वाढवायला आणखी एक खेळ आम्ही केला. अंगणात पाच-सहा नारळाच्या करवंट्या उपड्या मांडायच्या, एखाद-दुसरीखाली तुकडा ठेवायचा. सुरुवातीला करवंटी उलटली, खडखडली की भिंगरी मागे पळायची. पुढे स्वतःच पंजाने उलटून आवाज करू लागली. आपण केलेल्या आवाजाची भीती गेली, मग दुसऱ्यांनी केलेल्याची कमी झाली.

*

साफसफाई. फिनेलने माणसाच्या नाकाला बरं वाटतं, कुत्र्याला मूळ वास खालून येतच राहतो. शिवाय काळं फिनेल पिल्लाच्या पंजाला लागून चाटण्यात गेलं तर विषारी आहे. अमोनिया असलेली द्रव्यंही टाळावीत, त्यांचा वास लघवीच्याच जातीचा. आधी जुन्या फडक्याने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. मग साबणाचं पाणी, मग पांढरा व्हिनेगर पाण्यात निम्मा करून. एन्झाइमची द्रव्यं आता कुरिअरने बोर्लीपर्यंत येतात, ती सगळ्यात चांगली. ओतून लगेच पुसायची नाहीत, वाळू द्यायची.

शहाबादी फरशीच्या सांध्यांत आणि जांभ्या दगडाच्या भोकांत लघवी मुरते. सारवलेल्या जमिनीचं बरं असतं, तेवढा पोपडा खरवडून पुन्हा सारवता येतं. खरी पंचाईत आषाढ-श्रावणात. आठवडा-आठवडा काही वाळत नाही. तेव्हा पडवीत धुवायला सोप्या रबरी चटया टाकाव्यात आणि दोन जोड ठेवावेत.

*

हे टिपण कोकणातल्या प्रत्येक कुत्रेवाल्या घरासाठी. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, गुरं, डुकरं, कुत्री यांच्या लघवीतून बाहेर पडतात आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतात. पायाच्या चिरेतून, भेगेतून माणसात शिरतात. भातलावणीच्या दिवसांत आपण सगळे चिखलात अनवाणी असतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत हा आजार किती पसरला ते अनेकांना आठवत असेल. पिल्लू जन्मतः रोगी नसतं, उंदरांकडून घेतं. पण एकदा झालं की बरं दिसू लागल्यावरही त्याच्या लघवीतून जंतू महिनोन्‌महिने येऊ शकतात.

घरात रोज पिल्लाची शू पुसायची असेल तर हे माहीत हवंच. हातमोजे घालावेत. पायाला जखम असलेल्याने पुसू नये. नंतर साबणाने हात धुवावेत. उन्हात आणि कोरड्या जागी हे जंतू टिकत नाहीत. आणि पिल्लाला लस द्यावी: आठ आठवड्यांनंतर पहिला डोस, दोन ते चार आठवड्यांनी दुसरा, मग दरवर्षी एक, जमल्यास पावसाच्या आधी. पार्व्हो वगैरेंची एकत्रित लस आणि तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची, त्याही चुकवू नयेत. लस टोचतानाही डॉक्टरांना सांगावं की पिल्लू भित्रं आहे. टेबलावर धरून ठेवण्याऐवजी मांडीवर टोचता येते.

*

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. श्रीवर्धन तालुक्यात माणसांनी आयुष्यभर वाढवलेल्या पोफळी-नारळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले. आमचा तेव्हाचा मोत्या आठ-नऊ वर्षांचा, घरात कधी चुकूनही न करणारा. त्या दुपारी तो माजघरात कोपऱ्यात होता. पुढे कित्येक महिने कुठे पत्रा वाजला की त्याची उभ्या जागी शू व्हायची.

कुत्र्यांच्या अशा धास्तीची एक जुनी नोंदही आहे. २३ सप्टेंबर १९२४ ला लेनिनग्राडला मोठा पूर आला. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली, पाणी नाकापर्यंत चढलं, तेव्हा माणसांनी त्यांना बाहेर काढलं. वाचलेल्यांपैकी काही कुत्री वर्षानुवर्षं शिकलेलं सगळं विसरली. हळूहळू सावरलेल्या एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची बारीक धार सोडली, तर तेवढ्याने ते पुन्हा ढासळलं.

मोत्याबद्दल घरात कोणी "म्हातारा झाला, आता घाण करतो" म्हणालं नाही, याचं मला आजही समाधान आहे. त्या वादळानंतर माणसंही वारा सुटला की दारं तपासायला उठत होती.

*

कोकणातल्या पिल्लाची परीक्षा गणपतीत. वर्षभर घरात पाच माणसं आणि एका रात्रीत पंचवीस. पहाटेच्या गाडीने उतरलेले चाकरमानी, बॅगा, मुलं, नवे वास. प्रत्येक जण आल्या आल्या पिल्लावर वाकणार. आणि माजघरात गणपती, सोवळं, रांगोळी. भिंगरी तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची. तिला आत घ्यायचं की नाही यावर घरात वाद व्हायची वेळ आली होती. सासूबाईंनीच निकाल दिला: देवापुढे ती येणार नाही, पण लहान जिवाला सणाच्या दिवशी गोठ्यात बांधूनही ठेवायचं नाही.

मागच्या पडवीत तिची जागा केली. गोणपाट, पाणी, दाराला फळीचा अडसर. शाळेत जाणाऱ्या धाकट्या पुतणीने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून खांबाला लावलं: "हात लावू नका. वाकू नका. बघू नका. भिंगरी तुमच्याकडे येईल." मुंबईहून आलेल्यांना पहिल्यांदा ते मजेचं वाटलं, मग सगळ्यांना त्याची चुरस लागली. भिंगरी आपणहून कोणाकडे आधी जाते! मोठमोठी माणसं मागच्या पडवीत गप्प, बाजूला तोंड करून बसलेली. एका वेळी दोनच जण, हा नियमही पुतणीचाच. फटाके आणि ढोल सुरू झाले की ती आणि भिंगरी आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा मोठा, रेडिओ चालू.

त्या दिवसांत शू झाली, नाही असं नाही. पण कोणी ओरडलं नाही. गौरी-विसर्जन होईपर्यंत ती बऱ्याच जणांच्या पायाशी झोपायला लागली होती.

*

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथे अनेक वर्षं पिल्लं वाढवून पाहिली. १९६५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. तीन आठवड्यांपासून साधारण बारा आठवड्यांपर्यंतचा काळ हा पिल्लाने जग ओळखण्याचा, असं त्यांनी दाखवलं. या दिवसांत भेटलेली माणसं, आवाज, जागा आपल्या वाटतात. न भेटलेल्यांची पुढे भीती वाटते. याचा अर्थ पिल्लाला गर्दीत लोटावं असा नाही. रोज एक नवी गोष्ट, लांबून, त्याला मागे फिरता येईल अशी. भिंगरीला मी कडेवर घेऊन एसटी थांब्याच्या पलीकडे उभी राहत असे. गाडी येते, माणसं उतरतात, गाडी जाते. एवढंच, आणि परत घरी.

बहुतेक पिल्लांची ही शू वर्षाच्या आसपास आपोआप थांबते. स्नायू बळकट होतात, धीर येतो. मध्ये आपण बिघडवलं नाही तर.

*

दिवेआगरला घरगुती निवास चालवणाऱ्यांसाठी. दर शनिवारी नवे पाहुणे आणि अंगणात पिल्लू असेल, तर पाहुण्यांना खोली दाखवण्याआधी पिल्लाबद्दल एक वाक्य सांगा. समुद्रावर आलेली मुलं खुशीत असतात, पिल्लामागे धावतात, त्याला कोपऱ्यात गाठतात. पिल्लाला पळायला एक जागा हवी जिथे पाहुण्याला प्रवेश नाही. बाजेखालची चालेल.

*

डोंबिवलीच्या पुतणीचा फोन येतो. गुंड्या घरात कोरडा असतो, लिफ्टमध्ये नाही. साहजिक आहे. चार भिंती, मागे फिरायला जागा नाही, वर अनोळखी चेहरे, दार उघडताच आणखी कोणी आत. तिला सांगितलेलं: शक्य तिथे जिना. लिफ्टच घ्यावी लागली तर रिकामी येईपर्यंत थांब, त्याला कोपऱ्यात घे, तू त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहा, त्याचं तोंड भिंतीकडे, आणि जमिनीवर तुकडे टाकत राहा. शेजाऱ्यांना हसून सांग की तो शिकतोय, बघू नका. वॉचमनशी ओळख करून दे, पण ते खुर्चीत बसलेले असताना. खाली उतरल्यावर पहिली भेट झाडाशी, माणसांशी नंतर. सोसायटीच्या सभेत कोणी तक्रार केली तर आपण होऊन लिफ्ट पुसत जा आणि बाटली-फडकं बरोबर ठेव, भांडण नको, कारण त्या भांडणाचा राग शेवटी गुंड्यावरच निघतो.

वर्ष होत आलं तरी लिफ्टमध्ये कमी झालं नाही तर लघवी तपासून घ्यायला सांगायचं आहे. आणि लेप्टोचा वार्षिक डोस जून उजाडायच्या आत. डोंबिवलीतही रस्त्यांवर पाणी साचतंच. भिंगरीची तारीख मी कॅलेंडरवर लिहिली आहे, गुंड्याची तिच्याकडून मागून घ्यायची.